आत्याचा अडकित्ता आणि विषाणूचं प्रोटीएज

लालबागला आत्याकडे गेलं की जेवणानंतर पितळी अडकित्ता बाहेर निघतो. आत्या सुपारी कातरते, बाकीचे गप्पा मारतात. २०२१ च्या गणपतीत तिने कातरता कातरताच विचारलं, "अगं, तुम्ही तिथे प्रयोगशाळेत तो करोनाचा किडा बाटलीत पाळता ना? मग इथे येण्याआधी अंघोळ तरी करत जा."

सगळे हसले. मीही हसले आणि म्हटलं, "आत्या, आमच्याकडे विषाणू नाहीच. त्याचा नुसता अडकित्ता आहे. तोही आम्ही दुसऱ्याकडून बनवून घेतो."

"कोणाकडून?"

"जिवाणूंकडून."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सुपारीची वाटी पुढे सरकवली. म्हणजे, बस, सांग आता. त्या दुपारी जे सांगितलं आणि जे आरतीच्या गडबडीत राहून गेलं, ते इथे लिहिते आहे.

मुंबईत वाढलेल्या माणसाला लादी पाव समजावून सांगावा लागत नाही. पाव एकमेकांना चिकटून भाजलेले असतात, आणि वेगळे केल्याशिवाय वडा आत जात नाही. बरेचसे विषाणू आपली प्रथिनं अशीच लादीने बनवतात. त्यांच्याकडे जनुकीय सामान थोडं, जागा त्याहून थोडी. म्हणून अनेक प्रथिनं एकाच लांबलचक साखळीत तयार होतात आणि नंतर ठरलेल्या सांध्यांवर कापली जातात. कापली गेली नाहीत तर ती कामाला लागत नाहीत. हे कापण्याचं काम करणारं एन्झाइम म्हणजे प्रोटीएज. गंमत अशी की लादी कापणारी ही सुरी त्याच लादीतला एक पाव असते. साखळीत अडकलेली असतानाच ती घडी घालून आकार घेते, आधी स्वतःला सोडवते आणि मग बाकीच्यांच्या मागे लागते.

करोनाच्या मोठ्या साखळीत असे अकरा काप 'मेन प्रोटीएज' नावाचं एन्झाइम करतं, उरलेले तीन दुसरं एक प्रोटीएज करतं. एचआयव्हीचं एकच प्रोटीएज सगळं सांभाळतं. ते मोडलं तर काय होतं हे १९८८ मध्ये दाखवलं गेलं. त्या प्रोटीएजमधलं २५ व्या क्रमांकाचं एकच अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या माळेतला एकच मणी, बदललं, अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या जागी अ‍ॅस्परजिन घातलं. विषाणूचे कण तयार झाले, पण ते कोणाला संसर्ग करू शकेनात. लादी भाजून आली, पण सुटी झालीच नाही. औषध शोधणाऱ्यांना यापेक्षा स्पष्ट खूण कोणती हवी?

आता अडकित्ता. एचआयव्हीचं प्रोटीएज दोन पात्यांचं असतं. प्रत्येक पातं ९९ अमिनो आम्लांचं आणि दोन्ही हुबेहूब सारखी. (आत्याच्या अडकित्त्यात वरचं पातं धारेचं आणि खालचं नुसतं टेकूचं, एवढा फरक.) प्रत्येक पात्यातलं ते २५ वं अ‍ॅस्पार्टिक आम्ल मध्यभागी समोरासमोर येतं, त्यांच्यामध्ये पाण्याचा एक रेणू अडकतो आणि त्या पाण्याच्या साहाय्याने समोरच्या प्रथिनाचा बंध तुटतो. एकटं पातं काही कापत नाही. वरून दोन झडपा आहेत, त्या शिकार आत आली की मिटतात.

हे एन्झाइम अभ्यासायचं तर ते मिलिग्रॅममध्ये लागतं. एचआयव्हीबाधित पेशींतून तेवढं काढायचं म्हणजे ढीगभर जिवंत विषाणू वाढवायचा. ते धोक्याचंही आहे आणि परवडणारंही नाही. एक रस्ता म्हणजे रसायनशास्त्राने एकेक अमिनो आम्ल जोडत जाणं. एचआयव्ही प्रोटीएजच्या १९८९ मधल्या सुरुवातीच्या त्रिमितीय रचनांपैकी एक अशाच जोडलेल्या प्रथिनावरून निघाली होती. पण ९९ मणी हाताने ओवणं हे मोजक्या निष्णात लोकांचं काम. आमच्यासारख्यांसाठी ई. कोलाय बरा.

ई. कोलाय आपल्या आतड्यातला नेहमीचा रहिवासी. प्रयोगशाळेत वापरतात तो त्याचा गरीब, माणसाळलेला भाऊ. ३७ अंशांना, पोटभर खायला दिलं, की साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. त्याच्याकडून आपल्याला हवं ते प्रथिन बनवून घ्यायचं, तर त्या प्रथिनाचं जनुक त्याच्या हाती द्यायचं. हल्ली जनुक विषाणूतून कापून आणत नाहीत. अक्षरांचा क्रम संगणकावर असतो, तो कंपनीला पाठवायचा, काही दिवसांत चिमूटभर डीएनए कुरियरने येतं. करोनाच्या वेळी याचाच फायदा झाला. जानेवारी २०२० मध्ये विषाणूचा जनुकीय क्रम प्रसिद्ध झाला आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मेन प्रोटीएजची त्रिमितीय रचना जगाला खुली होती.

जनुक मागवताना एक काळजी घ्यावी लागते, बोलीची. एकाच अमिनो आम्लासाठी जनुकात अनेक शब्द असतात. आर्जिनिनला तर सहा. रत्नागिरीचा माणूस आणि नागपूरचा माणूस एकच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगतील, तसं. एचआयव्हीला आर्जिनिनसाठी 'एजीए' हा शब्द प्यारा, ई. कोलायला तो फारसा अंगवळणी नाही. वाचता वाचता तो अडखळतो. म्हणून अर्थ तोच ठेवून जनुक ई. कोलायच्या बोलीत लिहून घ्यायचं.

मग ते जनुक प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यात बसवतात आणि कडं जिवाणूत सोडतात. आमचा नेहमीचा जिवाणू म्हणजे बीएल २१ डीई ३. यात टी-सेव्हन नावाच्या विषाणूचं एक एन्झाइम बसवलेलं असतं. हा विषाणू जिवाणूंनाच छळणारा, आणि त्याचं हे एन्झाइम फक्त आपल्याच जनुकाची पाटी ओळखतं आणि मग बाकी सगळं सोडून त्याच्याच प्रती काढत बसतं. ही युक्ती १९८६ ची आहे आणि आजही जगभर निम्मा दिवस तिच्यावरच चालतो, असं मी म्हणेन. हे एन्झाइम आपण सांगेपर्यंत कुलपात असतं; ते कुलूप उघडायला आयपीटीजी नावाचं रसायन घालतात. ते दुधातल्या साखरेच्या नात्यातलं वाटतं, जिवाणू फसतो, पण ते त्याला पचवता येत नाही. त्यामुळे एकदा दिलेला हुकूम मागे घेतला जात नाही. शिवाय बीएल २१ मधल्या घरच्या दोन कात्र्या, म्हणजे लॉन आणि ऑम्प-टी ही प्रोटीएज, नाहीशा झालेल्या असतात. आपण बनवलेलं प्रथिन त्यानेच चावून टाकू नये म्हणून ही सोय.

इतकं ऐकून वाटेल, झालं की. साध्या प्रथिनासाठी खरंच झालं. चमकणारं हिरवं प्रथिन बनवायला सांगा, पहिल्याच आठवड्यात फ्लास्क हिरवा. पण इथे आपण जिवाणूला सांगतोय, स्वतःच्या पोटात सुरी घडव. तो घडवतो आणि सुरी त्यालाच लागते.

पहिली अडचण गळतीची. चाळीतला नळ जसा कितीही आवळला तरी थेंब थेंब टपकतो, तसं आयपीटीजी न घालताही थोडं प्रथिन बनतंच. हिरव्या प्रथिनाचे दोन थेंब कोण विचारतो? प्रोटीएजचे दोन थेंब मात्र जिवाणूच्या कामाची प्रथिनं कुरतडतात. खाद्याच्या प्लेटवर जिवाणूंच्या वसाहती बारीक येतात, काही येतच नाहीत. आणि ज्या टपोऱ्या, तुकतुकीत दिसतात त्यांच्यावर सर्वांत आधी संशय घ्यावा, कारण त्यांनी बहुतेक जनुक मोडून ठेवलेलं असतं. नवख्या विद्यार्थ्याचा हात नेमका त्यांच्याकडेच जातो. गळती थांबवायला वाढीच्या पाण्यात ग्लुकोज घालतात, किंवा टी-सेव्हनच्या एन्झाइमला धरून ठेवणारं आणखी एक प्रथिन जिवाणूत आधीच ठेवतात.

दुसरी अडचण ही खरं तर छुपी मदत आहे. भराभर बनलेलं एचआयव्ही प्रोटीएज नीट घडी न पडता गुठळ्या होऊन जिवाणूत साठतं. गुठळी कापत नाही, म्हणून जिवाणू जगतो आणि माल भरपूर मिळतो. फक्त तो माल गुठळीत असतो. गुठळ्या तीव्र युरियात विरघळवायच्या, म्हणजे साखळी पूर्ण उलगडते, आणि मग युरिया कमी करत तिला पुन्हा घडी घालायला लावायची. इथे ज्यांनी पिठलं केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. उकळत्या पाण्यात बेसन एकदम ओतलं की गुठळ्या, बारीक धारेने, सतत ढवळत सोडलं की गुळगुळीत. आम्ही थंड खोलीत, चुंबकाच्या ढवळणीवर, थेंब थेंब हेच करतो.

आणि मग तिसरी. घडी नीट बसली, एन्झाइम जिवंत झालं, की त्याच्या आसपास कापायला काय असतं? तेच. एका जुलैत मी तीन दिवस खपून एचआयव्ही प्रोटीएज शुद्ध केलं होतं. शुक्रवारी जेलवर, म्हणजे प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करून दाखवणाऱ्या थरावर, एक सुरेख जाड पट्टी आली. शनिवारी गोठवीन म्हणून नळी फ्रिजमध्ये चार अंशांवर ठेवली. शनिवारी पावसाने हार्बर बंद, रविवारी मेगाब्लॉक. सोमवारी त्याच नळीतला थेंब पुन्हा जेलवर चालवला. जाड पट्टी फिकी पडलेली आणि तिच्याखाली दोन-तीन पुसट छाया. एन्झाइमने दोन दिवसांत स्वतःला कातरून ठेवलं होतं. सर फक्त एवढंच म्हणाले, "उघडा वस्तरा पिशवीत टाकलास आणि पिशवी फाटली म्हणून माझ्याकडे आलीस."

ते स्वतःला कुठे कापतं हे ठाऊक आहे. ५ व्या आणि ६ व्या अमिनो आम्लांमध्ये, ३३ आणि ३४ मध्ये, ६३ आणि ६४ मध्ये. म्हणून पुष्कळ प्रयोगशाळा ७ व्या जागी ग्लुटामिनऐवजी लायसिन घालतात, ३३ आणि ६३ वरही छोटे बदल करतात. धार तशीच राहते, स्वतःवर चालत नाही. मला हे वाचून माहीत होतं. माझ्या प्लाझ्मिडमध्ये मात्र ते बदल नव्हते.

करोनाचं मेन प्रोटीएज त्यामानाने शहाणं. ३०६ अमिनो आम्लांचं, जिवाणूत विरघळलेल्या रूपातच बनतं, स्वतःला खात नाही. त्याचा हट्ट वेगळा आहे, आणि मला विचाराल तर या सगळ्या कामातली सर्वांत देखणी गोष्ट तिथे आहे. त्याला स्वतःचं टोक नेमकं लागतं. हेही दोन पात्यांचं एन्झाइम. एका पात्याच्या सुरुवातीची काही अमिनो आम्लं बोटासारखी शेजारच्या पात्यात शिरतात आणि त्याच्या कापण्याच्या खाचेला आधार देतात. त्या बोटाच्या टोकाला दोन-चार फालतू अमिनो आम्लं चिकटलेली राहिली की बोट आत बसत नाही आणि एन्झाइम मंदावतं.

फालतू अमिनो आम्लं येतात कुठून? आम्हीच लावतो. हजारो प्रथिनांच्या काल्यातून आपलं एक ओळखून काढायला त्याला शेपूट जोडतात, बहुधा सहा हिस्टिडिनांची. हिस्टिडिन निकेलला धरून बसतं, म्हणून निकेल लावलेल्या मण्यांच्या नळीतून काला सोडला की आपलं प्रथिन अडकतं, बाकीचं वाहून जातं. मग शेपूट कापायची. पण कापणारं एन्झाइम बहुधा एक-दोन अक्षरं, म्हणजे अमिनो आम्लं, मागे ठेवतंच. बहुतेक प्रथिनांना त्याने काही होत नाही. याला होतं.

उपाय असा निघाला की सुरीनेच स्वतःचं म्यान कापावं. मेन प्रोटीएजच्या पुढे एक मोठं आधार-प्रथिन जोडतात आणि मधल्या सांध्यात विषाणूच्या लादीतला खरा सांधा जसाच्या तसा लिहितात. एन्झाइम जिवाणूतच जागं होतं, तो सांधा ओळखतं, कापतं आणि पहिल्या अक्षरापासून अस्सल होऊन बाहेर येतं. आणि हिस्टिडिनांची शेपूट? ती दुसऱ्या टोकाला. मेन प्रोटीएजचं शेवटचं अक्षर ग्लुटामिन आहे. त्याच्यापुढे ग्लायसिन आणि प्रोलिन ठेवलं की हा सांधा मेन प्रोटीएजला कापता येत नाही, पण सर्दीच्या एका विषाणूचं, ऱ्हायनोव्हायरसचं प्रोटीएज तो नेमका ग्लुटामिननंतर कापतं. दोन्ही टोकं स्वच्छ. करोनाचं एन्झाइम बनवायला सर्दीच्या विषाणूचं एन्झाइम लागतं, आणि तेही कोणीतरी ई. कोलायमध्येच बनवलेलं असतं.

प्रयोगशाळांमध्ये शेपट्या कापायला सर्रास वापरतात ते टीईव्ही प्रोटीएजही तसंच. तंबाखूच्या रोपाला होणाऱ्या रोगाच्या विषाणूचं. त्यालाही स्वतःला कापायची खोड होती, २१९ वं अमिनो आम्ल बदलून ती घालवली. आत्या यावर म्हणाली होती, "तंबाखू शेवटी कुठे ना कुठे निघतेच."

कामाचा दिवस तसा साधा. सकाळी फ्लास्कमध्ये पिवळसर पाणी, त्यात आदल्या रात्रीचे जिवाणू. शेकर घरघरतो, तीनेक तासांत पाणी गढूळ होतं आणि खोलीत एक आंबूस, उग्र वास भरतो जो पहिल्या महिन्यात असह्य आणि दुसऱ्यात घरचा वाटतो. गढूळपणा ठरलेल्या आकड्याला आला की तापमान १८ अंशांवर उतरवून आयपीटीजी घालायचं आणि घरी जायचं. थंडीत जिवाणू सावकाश काम करतो, घड्या नीट पडतात. दुसऱ्या दिवशी सेंट्रिफ्यूजच्या तळाशी खाकी रंगाचा गोळा बसतो, श्रीखंडाच्या चक्क्याएवढा घट्ट. तो बर्फात ठेवून ध्वनिलहरींनी फोडायचा, गाळून निकेलच्या निळसर मण्यांवर सोडायचा. शेवटी लिटरमागे काही मिलिग्रॅम प्रथिन. मीठ-मोहरीच्या चिमटीहून कमी, आणि आठवडाभर त्याच्यावर जीव.

ते कापतं का, हे पाहायला सुंदर युक्ती आहे. सांध्याच्या अक्षरांचा एक छोटा तुकडा मागवायचा, एका टोकाला चमकणारा रेणू, दुसऱ्या टोकाला चमक गिळणारा. दोघं जवळ आहेत तोवर अंधार. एन्झाइमने मधून कापलं की ते दुरावतात आणि अतिनील प्रकाशात निळसर हिरवी चमक वाढत जाते. यंत्रावर रेघ चढताना दिसते. आता त्यात एखादं औषध घातलं आणि रेघ झोपली, तर त्या औषधाने अडकित्ता अडवला. किती कमी औषधात रेघ निम्म्यावर येते, तो आकडा महत्त्वाचा.

पण झोपलेल्या प्रत्येक रेघेवर विश्वास ठेवू नये. २०२० मध्ये रोज एक जुनं औषध 'करोनाच्या प्रोटीएजवर चालतं' म्हणून बातमीत येत होतं. मेन प्रोटीएज कापतं ते १४५ व्या जागच्या सिस्टीनच्या गंधकाने, आणि गंधकाला चिकटणारी रसायनं पुष्कळ. एबसेलेन, डायसल्फिराम अशा काहींना पुन्हा तपासलं, या वेळी चाचणीत गंधक सांभाळणारं डीटीटी घालून, तेव्हा त्यांचा प्रभाव ओसरला. ती खाचेत बसून अडवत नव्हती, दिसेल त्या गंधकाला धरत होती. हळदीचंही तसंच. कर्क्युमिन स्वतः प्रकाश शोषतं, स्वतः चमकतं, गुठळ्या करतं आणि बिचाऱ्या यंत्राला चकवतं. आमच्या घरच्या ग्रुपवर काढ्याचे जे मेसेज फिरत होते, त्यातले बरेच नुसत्या संगणकावर रेणू खाचेत बसवून पाहिलेल्या अंदाजांवर उभे होते. हळदीचं दूध प्यावं, छान लागतं. त्याला प्रोटीएजचं औषध म्हणायला नळीतलं खरं एन्झाइम आणि नीट बांधलेली चाचणी लागते.

अडकित्ता कसा दिसतो हे बघायचं तर त्याचे स्फटिक करावे लागतात आणि त्यांच्यावर क्ष-किरण सोडावे लागतात. या कामात मुंबईचं नाव मोठं आहे, आणि मुंबईकरांनाच ते फारसं माहीत नाही. एचआयव्ही प्रोटीएजची दोन पाती सुटी असली की कधी जुळतात, कधी विलग होतात. मग जनुकातच दोन प्रती एकापुढे एक लिहून मध्ये पाच अमिनो आम्लांचा दुवा टाकायचा. ९९ अधिक ५ अधिक ९९, म्हणजे २०३ अमिनो आम्लांची एकच साखळी. अडकित्त्याला खीळ ठोकली म्हणा ना. असं खिळीचं प्रोटीएज ई. कोलायमध्ये बनवून तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या गटाने वर्षानुवर्षं त्याचे स्फटिक अभ्यासले, आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआरने, म्हणजे चुंबकाच्या मदतीने रेणू तपासण्याच्या तंत्राने, ते द्रावणात कसं हलतं, उलगडतं हे पाहिलं गेलं. २०१० मध्ये तुर्भ्याच्या गटाने फ्रान्समधल्या सहकाऱ्यांसोबत एक चित्र प्रसिद्ध केलं, ज्यात कापण्याची क्रिया अर्ध्यावर पकडलेली आहे. पाण्याचा रेणू बंधाला लागलाय, बंध अजून तुटलेला नाही. सुपारीवर पातं टेकलंय आणि कट्ट आवाज यायचाय, तो क्षण.

असा क्षण कळला की औषध कसं असावं ते कळतं. सुपारीसारखा दिसणारा पण न फुटणारा खडा बनवायचा, अर्ध्या कापलेल्या अवस्थेची नक्कल करणारा. एचआयव्हीसाठी असं पहिलं औषध, सॅक्विनाविर, अमेरिकेत डिसेंबर १९९५ मध्ये मंजूर झालं. पाठोपाठ १९९६ मध्ये रिटोनाविर आणि इंडिनाविर आली. आपल्या सरकारी कार्यक्रमात ही औषधं दुसऱ्या फळीत आली, पहिली औषधं चालेनाशी झालेल्यांसाठी. २००८ मध्ये ती सुरुवातीला देशात दोनच ठिकाणी दिली जात होती, चेन्नईजवळ तांबरमला आणि आपल्या भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात.

रिटोनाविरची गोष्ट मजेची आहे. ते आपल्या यकृतातल्या, औषधं मोडणाऱ्या एका एन्झाइमलाही अडवतं. आधी हा दोष वाटला. मग लक्षात आलं की दुसऱ्या औषधासोबत थोडं रिटोनाविर दिलं तर ते दुसरं औषध शरीरात जास्त वेळ टिकतं. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत करोनासाठी तातडीची परवानगी मिळालेल्या गोळ्यांमध्ये निर्माट्रेल्विर मेन प्रोटीएजच्या त्या सिस्टीनला पकडतं आणि सोबतचं रिटोनाविर करोनाला हातही लावत नाही, नुसतं यकृताला गुंतवून ठेवतं.

विषाणूही गप्प बसत नाही. एखादं अमिनो आम्ल बदलतो, खाच जराशी रुंदावते आणि खडा निसटतो. असा बदल झालेलं एन्झाइम आम्ही प्लाझ्मिडमध्ये एक अक्षर बदलून महिनाभरात बनवू शकतो आणि कोणतं औषध त्यावर अजून चालतं ते तपासतो. त्यासाठी औषधाला न जुमानणारा जिवंत विषाणू कोणाला वाढवावा लागत नाही. सुट्या एन्झाइमने कोणाला ताप येत नाही. तरी जनुकं बदललेले जिवाणू आहेत म्हणून संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते, आणि वापरलेला प्रत्येक फ्लास्क १२१ अंशांच्या वाफेत शिजवूनच टाकतात. आत्याच्या अंघोळीच्या सूचनेचं उत्तर ते.

सध्या माझ्या हाती डेंगीचं प्रोटीएज आहे. लालबागला दर पावसाळ्यात कोणाच्या तरी घरी प्लेटलेट्सची धावपळ असते, त्यामुळे आत्याला हे नाव समजावून सांगावं लागलं नाही. डेंगीच्या प्रोटीएजवर आजवर एकही औषध मंजूर नाही. ते एनएस ३ नावाचं प्रथिन, पण एकटं निरुपयोगी. एनएस २ बी नावाच्या दुसऱ्या प्रथिनातली चाळीसेक अमिनो आम्लं त्याच्याभोवती कमरपट्ट्यासारखी गुंडाळली गेली तरच धार येते. जिवाणूत बनवताना दोन्ही नऊ अमिनो आम्लांच्या दुव्याने जोडतात, त्यातली आठ नुसती ग्लायसिन. पण हा दुवा आपण घातलेला, विषाणूत तो नसतो, त्यामुळे पट्टा खरोखर कसा हलतो याबद्दल तो फसवू शकतो. म्हणून आता दुवा न घालता दोन्ही तुकडे एकाच जिवाणूत वेगवेगळे बनवून पाहतात. अडचण तरी उरतेच. याची खाच उथळ, सपाट आणि विद्युतभाराने भरलेली. तिथे बसणारे रेणू स्वतःही भारित असावे लागतात, आणि असे रेणू पेशीच्या भिंतीतून सहज आत जात नाहीत.

यंदाच्या गणपतीत आत्याला हे सांगत होते. तिने अडकित्ता उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"तोंडात खडा अडकत नाही म्हणतेस, तर खीळ ढिली करून बघा की."

लोक तेही करून बघताहेत. एनएस २ बीचा पट्टा एनएस ३ ला नीट लपेटू नये म्हणून त्या दोघांच्या मधल्या खळग्यात बसणारे रेणू शोधताहेत. मी तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "मग तुम्ही करा की."

दुवा नसलेलं एनएस २ बी आणि एनएस ३ आज रात्री १८ अंशांवर शेकरमध्ये फिरतं आहे. सकाळी सातला उपसायचं, म्हणजे ५.४० ची लोकल.